गोळीतलं इंजिनिअरिंग

औषधाच्या स्ट्रिपवर मोठ्या नावाच्या शेपटीला दोन बारीक अक्षरं चिकटलेली असतात. एसआर, ईआर, सीआर, डीआर, नाहीतर ईसी. मेडिकलच्या दुकानात आपण नाव वाचतो, किंमत वाचतो, फार तर एक्सपायरी डेट बघतो. ही दोन अक्षरं मात्र कुणी वाचत नाही. माझं म्हणणं असं आहे की त्या दोन अक्षरांत एक अख्खं इंजिनिअरिंग दडलेलं आहे, आणि ते आपण केमिकल, पॉलिमर, मेकॅनिकल, इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनी 'ते फार्मसीवाल्यांचं काम' असं म्हणून सोडून दिलं आहे. हे काही बरोबर नाही. का, ते सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

सुरुवात आपल्याच घरापासून, म्हणजे हॉस्टेलपासून करू. प्रत्येक मजल्यावर एक 'डॉक्टर' असतोच असतो. एमबीबीएस वगैरे नव्हे हो, फक्त त्याच्या कपाटात गोळ्यांचा डबा असतो! डोकं दुखलं, पोट बिघडलं, सबमिशनच्या आदल्या रात्री अ‍ॅसिडिटी उसळली की सगळे त्याच्या दारात. तोही दानशूर कर्ण. अर्धी गोळी याला, अर्धी त्याला. गिळवत नसेल तर 'चावून खा', नाहीतर चमच्याखाली चुरडून पाण्यात. हेतू चांगला, यात शंका नाही. पण काही गोळ्यांच्या बाबतीत हा चमचा म्हणजे घड्याळावर घातलेला हातोडा आहे.

पॅन्टोप्राझोलचंच उदाहरण घ्या. अ‍ॅसिडिटीवरची ही गोळी हॉस्टेलमध्ये सगळ्यांच्या ओळखीची. गंमत अशी की अ‍ॅसिड कमी करणारं हे औषध स्वतः अ‍ॅसिडमध्ये टिकत नाही. ज्या शत्रूशी लढायला पाठवलं, त्याच्याच अंगणात ते गारद होतं! म्हणून गोळीवर पॉलिमरचं कवच चढवतात. या पॉलिमरच्या साखळीवर कार्बोक्सिलिक अ‍ॅसिडचे गट टांगलेले असतात. जठरातल्या आम्लात ते जसेच्या तसे राहतात, त्यामुळे कवच विरघळत नाही. पुढे लहान आतड्यात पीएच साडेपाच-सहाच्या वर गेला की हे गट आयनित होतात, साखळ्या पाण्यात सुट्या होतात आणि कवच उघडतं. बारावीची केमिस्ट्री, दुसरं काही नाही. औषध आतड्यातून रक्तात जातं आणि रक्तातून परत जठराच्या पेशींकडे येतं, म्हणजे चक्क मागच्या दाराने! आता हीच गोळी चावली, तर कवच फुटलं आणि खेळ खलास. औषध पोटात गेलं, पण कामावर पोचलंच नाही.

हे झालं डीआर आणि ईसीचं, म्हणजे उशिरा उघडणाऱ्या गोळ्यांचं. एसआर, ईआर, सीआर ही मंडळी वेगळी. त्या हळूहळू औषध सोडणाऱ्या गोळ्या. त्यांच्यात १२ किंवा २४ तासांचं औषध एकत्र भरलेलं असतं. ती चुरडली तर दिवसभराचा डोस तासाभरात अंगावर येतो. याला नाव आहे 'डोस डम्पिंग'. मधोमध रेघ असलेल्या काही एसआर गोळ्या अर्ध्या करता येतात, पण तेसुद्धा डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारून. चावायच्या किंवा कुटायच्या तर नाहीतच नाहीत. आणि 'बसणाऱ्या' मंडळींसाठी खास सूचना! २००५ साली अमेरिकेत पॅलाडोन नावाचं हायड्रोमॉर्फोनचं २४ तास चालणारं औषध बाजारातून मागे घ्यावं लागलं, कारण दारूबरोबर घेतल्यास त्यातली पॉलिमरची यंत्रणाच ढासळत होती आणि औषध भसकन बाहेर पडत होतं. तेव्हा कळलं का, काही गोळ्यांबरोबर मद्य का नको ते?

असो. आता मूळ मुद्दा. हे सगळं इंजिनिअरिंग कसं?

आपल्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. नगरपालिका सकाळ-संध्याकाळ तासभर पाणी सोडते. त्या तासात टाकी भरून वाहते आणि नेमकं आंघोळीच्या वेळी ठणठणाट! साध्या गोळीचं असंच असतं. रक्तातलं औषधाचं प्रमाण म्हणजे टाकीची पातळी. गोळी घेतली की पातळी वर जाते, मग यकृत आणि मूत्रपिंड ती उतरवत नेतात. एका रेषेच्या वर पातळी गेली तर दुष्परिणाम, दुसऱ्या रेषेच्या खाली गेली तर औषध घेऊन न घेतल्यासारखं. या दोन रेषांच्या मध्ये राहायचं, बस्स. आपण इथे एवढा मास बॅलन्स शिकतो, 'इन मायनस आउट इज इक्वल टू अ‍ॅक्युम्युलेशन' झोपेतही बडबडतो. इथे आउट शरीराच्या हातात आहे, आपल्या हातात फक्त इन. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की जेवढं बाहेर जातं तेवढंच आत कसं सोडायचं. हा वैद्यकाचा प्रश्न नाही मित्रहो, हा व्हॉल्व्हचा प्रश्न आहे! आणि हा व्हॉल्व्ह पॉलिमरचा असतो.

व्हॉल्व्हचे प्रकारही पाहण्यासारखे आहेत. सगळ्यात स्वस्त आणि मस्त म्हणजे मॅट्रिक्स. एचपीएमसी नावाचं सेल्युलोजपासून केलेलं पॉलिमर औषधात मिसळायचं आणि गोळी दाबायची. पाणी लागलं की बाहेरचा थर फुगून चिकट जेल होतो, भिजवलेल्या सब्जाच्या बियांसारखा. औषधाला त्या जेलमधून वाट काढत बाहेर यावं लागतं. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या कित्येक एसआर गोळ्या याच तत्त्वावर चालतात. दिवसातून दोन-तीनदा घ्यायची गोळी संध्याकाळच्या जेवणाबरोबर एकदाच घेता येते आणि पोटाच्या तक्रारीही कमी होतात. मात्र यात एक गोम आहे. बाहेरचं औषध संपलं की आतल्याला लांबून यावं लागतं, म्हणून वेग हळूहळू मंदावतो. ताकेरू हिगुची यांनी १९६१ साली दाखवलं की अशा प्रकारात सुटलेलं एकूण औषध वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. फिकचा नियम ज्यांनी फक्त १० मार्कांसाठी पाठ केला, त्यांनी हे समीकरण एकदा स्वतः मांडून बघावं.

दुसरा प्रकार म्हणजे ऑस्मॉटिक पंप. हा माझा सगळ्यात आवडता, कारण तो खरोखरचा पंप आहे! अमेरिकेतल्या अल्झा कंपनीत फेलिक्स थिव्स यांनी १९७०च्या दशकात तो बनवला. गोळीभोवती सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा पडदा, त्यातून पाणी आत जातं पण औषध बाहेर येत नाही. मग पडद्याला लेसरने एक बारीक भोक पाडायचं. पाणी आत शिरलं की दाब वाढतो आणि औषधाचं द्रावण त्या भोकातून एकसारख्या वेगाने बाहेर ढकललं जातं. जठर असो की आतडं, पीएच काहीही असो, वेग जवळजवळ तोच. अल्झाच्या याच तंत्राने बनवलेली निफेडिपिनची दिवसातून एकदा घ्यायची गोळी १९८९ साली अमेरिकेत मंजूर झाली. काम झाल्यावर रिकामं टरफल तसंच शौचावाटे बाहेर पडतं, आणि 'गोळी विरघळलीच नाही' म्हणून पेशंट घाबरतात. विरघळायचीच नसते हो ती!

तिसरा प्रकार हळूहळू नाहीसा होणारा. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक अ‍ॅसिडचं कोपॉलिमर, म्हणजे पीएलजीए. या घराण्याचं पॉलिमर आधी शस्त्रक्रियेच्या विरघळणाऱ्या टाक्यांसाठी वापरात आलं. शरीरातल्या पाण्याने त्याच्या साखळ्या तुटत जातात आणि शेवटी उरतं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. प्रोस्टेटच्या कॅन्सरवरचं ल्युप्रोलाइड रोज टोचावं लागे. ते पीएलजीएच्या सूक्ष्म गोलकांत भरलं आणि १९८९ साली महिन्यातून एकदाच घ्यायचं इंजेक्शन मंजूर झालं. ३० सुयांच्या जागी एक. रेणूत काहीही बदल नाही. बदललं ते फक्त पॅकिंग.

'फक्त पॅकिंग' म्हणून नाकं मुरडणाऱ्यांसाठी अजून एक गोष्ट सांगतो. एड्सवरचं रिटोनाविर हे औषध १९९६ साली बाजारात आलं. १९९८ साली अचानक कॅप्सूलमध्ये त्याचे वेगळ्या रचनेचे स्फटिक बनायला लागले. रेणू तोच, पण हे स्फटिक इतके कमी विरघळणारे की कॅप्सूल चाचणीत नापास होऊ लागल्या आणि त्या बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. पुढे लोपिनाविर-रिटोनाविरची कॅप्सूल आली, ती रोज सहा घ्यायच्या आणि फ्रीजमध्ये ठेवायच्या. आफ्रिकेतल्या नाहीतर आपल्याकडच्या एखाद्या खेड्यात कुठला आलाय फ्रीज? २००५ साली याच औषधाच्या गोळ्या मंजूर झाल्या. रोज चार, आणि फ्रीजची गरज नाही. केलं काय? औषध आणि पॉलिमर एकत्र एक्सट्रूडरमधून वितळवून काढलं. होय, तोच एक्सट्रूडर, ज्यातून प्लास्टिकचे पाइप निघतात, ज्याची आकृती आपण परीक्षेत काढतो! पॉलिमरच्या साखळ्यांत औषधाचे रेणू असे अडकून बसतात की त्यांना एकत्र येऊन स्फटिक बनवता येत नाही. घरी साखरेच्या पाकात लिंबू का पिळतात? साखर पुन्हा दाणेदार होऊ नये म्हणून. रसायन वेगळं, पण हेतू अगदी तोच.

आता सांगा, एक्सट्रूडर कोण चालवतं? गोळ्यांवर लेप चढवायला फ्लुइडाइज्ड बेड वापरतात, तो कोण डिझाइन करतं? हवेच्या झोतात दाणे तरंगत ठेवून खालून फवारा मारायची पद्धत अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डेल वुर्स्टर यांची, १९५०च्या दशकातली. तिच्यात हवेचा वेग, तापमान, थेंबाचा आकार, सुकण्याचा वेळ, सगळं आपल्या अभ्यासक्रमातलं. जरा चुकलं तर लेप कुठे जाड, कुठे पातळ, आणि व्हॉल्व्ह बिघडला. तरीही आपल्याकडे पॉलिमरच्या तासाला उदाहरणं कसली? बादली, पाइप, टायर. वाईट काही नाही त्यात, पण तेवढंच?

'आपल्याला बायोलॉजी येत नाही' हा आपला आवडता बहाणा. त्याला उत्तर म्हणून एका केमिकल इंजिनिअरची गोष्ट सांगतो. रॉबर्ट लँगर १९७४ साली एमआयटीतून केमिकल इंजिनिअरिंगची डॉक्टरेट घेऊन बाहेर पडले. तेलाच्या टंचाईचा काळ, त्यामुळे तेल कंपन्यांच्या नोकऱ्या हात जोडून उभ्या. हा माणूस गेला कुठे? बोस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये, ज्युडा फोकमन या सर्जनच्या प्रयोगशाळेत. फोकमन यांनी आधीच, १९६४ साली डेव्हिड लाँग यांच्याबरोबर दाखवलं होतं की सिलिकॉन रबराच्या भिंतीतून काही औषधं हळूहळू झिरपतात. पण प्रथिनांसारखे मोठे रेणू घन पॉलिमरमधून बाहेर येणारच नाहीत, असा त्या वेळचा समज होता. लँगर आणि फोकमन यांनी १९७६ साली 'नेचर'मध्ये शोधनिबंध छापून ते येतात हे दाखवून दिलं. सुरुवातीला लँगर यांचे अनुदानाचे अर्ज एकामागून एक फेटाळले गेले, हे त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितलं आहे. पुढे १९९६ साली मेंदूच्या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर तिथेच ठेवायच्या औषधी चकत्या मंजूर झाल्या, त्यांच्यामागचं पॉलिमर लँगर यांच्याच कामातून आलेलं. एक सर्जन आणि एक इंजिनिअर एका टेबलाशी बसले म्हणून हे झालं. आपल्याकडे केमिकल आणि मेकॅनिकलवाले गॅदरिंगलासुद्धा एका टेबलाशी बसत नाहीत, ही खरी अडचण!

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी पॉलिमरची आरती ओवाळतोय. तसं नाही. उलट, इंजिनिअरने यात पडावं असं मी म्हणतो याचं अर्धं कारण हे आहे की या यंत्रणा फसतात, आणि कधीकधी फसवायला वापरल्या जातात.

फसण्याचं उदाहरण ऑस्मोसिनचं. इंडोमेथासिन हे वेदनाशामक ऑस्मॉटिक पंपात भरून ब्रिटनमध्ये आणलं आणि १९८३ साली मागे घेतलं, कारण काही पेशंटच्या आतड्याला भोकं पडल्याचं आढळलं. नीट विचार केला तर कोडं लक्षात येतं. पंप उत्तम, पण एका बारीक भोकातून दाहक औषधाची धार आतड्याच्या एकाच जागी पडत राहिली तर? रक्तातली पातळी सपाट आहे म्हणून सगळं आलबेल, असं नसतं. सिस्टीमची बाउंडरी कुठे आखली यावर उत्तर अवलंबून असतं, हे आपल्याला थर्मोच्या पहिल्याच तासाला सांगितलेलं असतं.

फसवण्याचं उदाहरण याहून भयंकर. ऑक्सिकॉन्टिन हे अफूच्या जातीचं वेदनाशामक अमेरिकेत १९९६ साली बाजारात आलं. औषध हळूहळू सुटतं, म्हणून व्यसनाचा धोका कमी, असा त्याचा प्रचार झाला. प्रत्यक्षात लोक गोळी कुटून १२ तासांचा डोस एकदम घेऊ लागले. पर्ड्यू कंपनीने २००७ साली या दिशाभुलीबद्दल न्यायालयात गुन्हा कबूल केला. २०१० साली गोळी बदलली, पॉलिएथिलीन ऑक्साइड वापरून ती अशी चिवट केली की कुटता येऊ नये. पण तोवर फार उशीर झाला होता. यातून मला एकच दिसतं. 'ही गोळी कुटली तर काय होईल?' हा प्रश्न कुणीतरी डिझाइनच्या टेबलावरच छातीठोकपणे विचारायला हवा होता. इंजिनिअरिंगमध्ये याला फेल्युअर अ‍ॅनालिसिस म्हणतात.

तिसरा प्रश्न माणसाच्या मर्जीचा. नॉरप्लांट म्हणजे दंडाच्या कातडीखाली बसवायच्या सहा सिलिकॉनच्या नळ्या, ५ वर्षं गर्भनिरोधक सोडणाऱ्या. अमेरिकेत त्याला १९९० साली मान्यता मिळाली. तांत्रिकदृष्ट्या सुंदर काम! पण गोळी नको वाटली तर बाई ती उद्यापासून बंद करू शकते, ही नळी मात्र दुसऱ्याच्या हातूनच निघते. आणि १९९१ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या एका न्यायाधीशाने एका स्त्रीला सवलतीच्या शिक्षेची अट म्हणून नॉरप्लांट बसवायला सांगितलंच! 'पेशंट विसरतो, म्हणून त्याच्या हातातून निर्णय काढून घेऊ' या वाटेने गेलं की आपण कुठे पोचतो ते यावरून दिसतं. माझं मत स्पष्ट आहे. जे आत घालायचं, ते बाहेर कसं काढायचं हे डिझाइनच्या पहिल्या पानावर असलं पाहिजे.

आणि चौथा प्रश्न पैशाचा, जो आपल्या घरात येतो. जुनंच औषध, त्याला एसआर लावलं की किंमत वाढते. कधी ती वाढ योग्य असते, कधी नसते. आपल्या देशात अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतल्या औषधांना किमतीची कमाल मर्यादा असते. पण २०१५च्या यादीत तत्त्वच असं घातलं की सस्टेन्ड रिलीज किंवा इतर नव्या डिलिव्हरी सिस्टीमचं रूप त्या औषधासमोर स्पष्ट लिहिलेलं असेल तरच ते यादीत धरायचं. लिहिलेलं नसेल तर मर्यादा साध्या गोळीलाच. शिवाय २०१३च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात देशी संशोधनातून केलेल्या नव्या डिलिव्हरी सिस्टीमच्या औषधाला मान्यतेपासून ५ वर्षं सूट आहे. हेतू चांगला आहे, नवं काही करणाऱ्याला प्रोत्साहन मिळायलाच हवं. पण ज्या औषधाचा अर्धायुकाल मुळातच लांब आहे, जे तसंही दिवसातून एकदाच घ्यायचं, त्याला एसआर लावून काय साधलं? हे विचारायला डॉक्टरच असावं लागत नाही. आलेख वाचता येणारा कुणीही विचारू शकतो, आणि तो आपल्याला येतो.

मग हे सगळं करायचं कुणासाठी? जागतिक आरोग्य संघटनेने २००३ सालच्या अहवालात म्हटलं होतं की श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घकालीन आजाराचे सरासरी निम्मेच रुग्ण औषध सांगितल्याप्रमाणे घेतात. आपल्याकडे क्षयरोगाचं बघा. साध्या क्षयालाही सहा महिने रोज गोळ्या. दोन महिन्यांत बरं वाटायला लागतं, मजुरीला जायचं असतं, गोळ्यांनी मळमळतं, आणि माणूस थांबतो. थांबला की जंतू औषधाला दाद न देणारे होण्याचा धोका, आणि तो एकट्यापुरता राहत नाही. त्यात अजून एक मेख आहे. रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड ही दोन मुख्य औषधं एकाच गोळीत दिली की जठरातल्या आम्लात आयसोनियाझिडच्या संगतीने रिफॅम्पिसिन जास्त वेगाने खराब होतं. मोहालीच्या नायपर संस्थेतल्या संशोधकांनी यावर बरंच काम केलं आहे. उपाय सुचतो का? दोघांना वेगळं ठेवा, एक जठरात सोडा, दुसरं कवचात घालून आतड्यात. म्हणजे पुन्हा आपलं पॉलिमरचं कवच! एमआयटीतल्या गटाने २०१९ साली याहून धाडसी कल्पना मांडली. औषध भरलेल्या गोळ्या तारेत ओवून केलेलं वेटोळं नळीतून जठरात सोडायचं, तिथे ते आठवडे राहून औषध सोडत राहील आणि नंतर काढून घेता येईल. डुकरांवरच्या प्रयोगात ते सुमारे महिनाभर चाललं. माणसांपर्यंत यायला अशा गोष्टींना बराच वेळ लागतो, पण काढून घेण्याची सोय पहिल्यापासून केली आहे, हे मला त्यात विशेष आवडलं.

'हे सगळं ठीक, पण आपल्याला काय जमणार?' असं म्हणाल. नवीन रेणू शोधणं आपल्या आवाक्यातलं नाही, मान्य. माणसांवर चाचण्या तर नाहीच नाही. पण पहिली पायरी अगदी आवाक्यातली आहे. गोळीची विरघळण्याची प्रमाणित चाचणी कशी असते? एक भांडं, ९०० मिलिलीटर द्रव, तापमान ३७ अंश, आणि मिनिटाला ५० ते ७५ फेरे फिरणारं वल्हं. ठरावीक वेळाने नमुना काढायचा आणि किती औषध सुटलं ते स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजायचं. आपल्या वर्कशॉपमध्ये असं भांडं बनणार नाही? थर्मोस्टॅट इन्स्ट्रुमेंटेशनवाले लावतील, वल्ह्याची मोटर इलेक्ट्रिकलवाले, आणि कॉम्प्युटरवाले निदान आलेख तरी काढतील!

म्हणून माझ्या तीन सूचना. एक, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी जवळच्या फार्मसी कॉलेजशी हातमिळवणी करावी. त्यांच्याकडे औषध आहे, आपल्याकडे यंत्रं आहेत, आणि दोघांकडेही एकमेकांबद्दल गैरसमज आहेत. ते एका सेमिस्टरमध्ये फिटतील. वर्षानुवर्षं तेच ते रिपोर्ट नवं कव्हर घालून बाइंडिंगला देण्यापेक्षा हे नक्कीच बरं. दोन, सरांना नम्र विनंती, की पॉलिमर आणि मास ट्रान्सफरच्या तासाला एक तरी उदाहरण गोळीचं द्यावं. डिफ्युजन शिकवायला एचपीएमसीच्या गोळीइतकं स्वस्त साधन मिळणार नाही. आणि इथल्या मुलांना पुढे कुरकुंभ, तारापूर नाहीतर गोव्यातल्या वेर्ण्याच्या औषध कारखान्यांत मुलाखतीला जायचंच असतं. तीन, प्रत्येक प्रोजेक्टच्या शेवटी चार प्रश्नांची उत्तरं लिहिणं सक्तीचं करावं. गोळी कुटली तर काय होईल? शरीराच्या त्या एका जागी काय होईल? नको असेल तर थांबवता येईल का? आणि ज्याला याची गरज आहे त्याला ती परवडेल का? व्हायवाला एक्स्टर्नलने नाही विचारलं, तर आपण आपल्याला विचारावं.

चौथ्या प्रश्नाला मार्क कमी पडले तरी चालतील, पण उत्तर कोरं ठेवू नका. कारण पहिले तीन प्रश्न गोळीचे आहेत, चौथा आपला आहे. साध्या गोळीपेक्षा चांगली, पण साध्या गोळीएवढीच स्वस्त गोळी बनवणं हे माझ्या मते आपल्या देशातल्या इंजिनिअरचं खरं आव्हान आहे. परदेशात एका रेणूमागे पैशांचा डोंगर उभा करतात, आपल्याकडे तो नाही. पण जुना, पेटंट संपलेला, स्वस्त रेणू आणि चांगलं पॉलिमर एकत्र आणायला डोंगर लागत नाही. डोकं लागतं, चिकाटी लागते आणि दुसऱ्या डिपार्टमेंटच्या माणसाशी बोलायची तयारी लागते.

तोवर एवढं करा. पुढच्या वेळी मजल्यावरच्या 'डॉक्टर'कडून गोळी घेताना नावापुढची ती दोन अक्षरं आधी वाचा, मग हात पुढे करा. आणि एसआर दिसलं, तर त्याच्या हातातला चमचा काढून घ्या!